पाट्याचा दगड, पाण्याचे थेंब: नागपूरच्या हवेत एअरब्रशचा पहिला सराव

एअरब्रश हातात आल्यावर मी सगळ्यात आधी दगड रंगवायला घेतला. कार्डशीटवर करडा रंग, कडेकडेने काळसर छटा, मध्ये उजळ. दोन तास खपलो आणि शीट भिंतीला टेकवून ठेवली. आई स्वयंपाकघरातून डोकावली, जरा पाहत राहिली आणि म्हणाली, "कणीक चांगली मळलीस."

तिचं चुकलं नव्हतं. एअरब्रशमधून रंग धुक्यासारखा बाहेर पडतो, त्यामुळे प्रत्येक कड आपोआप मऊ होते. ढग, गाल, फुगा, कणकेचा गोळा, हे त्याला फुकटात जमतं. दगड जमत नाही, कारण दगडात असतात तुटक्या कडा, दाणे, खड्डे आणि चिरा. अशी कणखर कड हवी असेल तर फाटका कागद, जाळी, कापूस असं काहीतरी रंगाच्या वाटेत आडवं धरावं लागतं. नवशिके महिनोन् महिने रंग कसा सोडायचा याचाच सराव करत बसतात. मी म्हणेन, तो कुठे अडवायचा हे पहिल्या आठवड्यापासून शिका. पुढचा सगळा सराव याच अंगाने लिहिला आहे. रंगवायचा आहे एका पाट्याचा कोपरा आणि त्यावर पडलेले पाच-सहा थेंब.

नमुना घरातलाच घ्या

मोबाइलवरचे फोटो बघून दगड रंगवू नका. फोटोतला उजेड कुठून येतो ते कळत नाही, आणि तो दगड हातात घेऊन फिरवताही येत नाही. आपलं नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या टोकावर वसलं आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती याच बसाल्टची. कामठीकडे गेलं की खडक बदलतो आणि वालुकाश्म लागतो. भूशास्त्रातल्या एका खडक-समूहाला कामठीचंच नाव आहे. दोन्ही दगड रंगवायला वेगळे. वालुकाश्माला दाणा आणि थर हवेत, बसाल्टला खड्डे आणि तुटके पैलू. बसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातले वायूचे बुडबुडे जिथे अडकले तिथे बारीक पोकळ्या राहतात, आणि काही पोकळ्यांत पुढे पांढरं खनिज भरतं. म्हणून काळ्या दगडावर मधूनच पांढरे ठिपके दिसतात.

घरात जुना पाटा असेल तर त्याच्याइतका चांगला नमुना नाही. त्यावर टाकीचे, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीचे, घाव असतात, तिरक्या ओळीत, पण एकही दुसऱ्यासारखा नसतो. मिक्सरने पाटा हद्दपार केला असेल तर जिथे बांधकाम चालू आहे तिथून अंगठ्याएवढी गिट्टी मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही.

सकाळी पाटा खिडकीशी असा ठेवा की उजेड वरून डावीकडून येईल. बोटांनी पाणी शिंपडा. धुतलेल्या कोरड्या पाट्यावर थेंब उभाच राहत नाही. तो पसरतो, मुरतो आणि काळा डाग उरतो. खरखरीत कोरडा दगड उजेड चहूकडे विखुरतो म्हणून फिका दिसतो, त्या खरखरीत पाणी भरलं की गडद होतो. पण ज्या पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटली असेल त्यावर तेलाचा हात बसलेला असतो, आणि तिथे थेंब टपोरा उभा राहतो. आपल्याला तोच हवा. चटणी नसेल तर फडक्यावर दोन थेंब गोडेतेल घेऊन दगडावर फिरवा.

आता अर्धा तास फक्त बघा. हा अर्धा तास टाळणाऱ्यांचे थेंब मी ओळखून काढू शकतो.

सामान

डबल अ‍ॅक्शन गन, म्हणजे एअरब्रशच, घ्या, वर कप असलेली, ०.३ मिलिमीटर नोझलची (रंग जिथून सुटतो ते तोंड). ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. ०.२ ची गन बारीक रेघ काढते, पण नवशिक्याच्या हातात दर दहा मिनिटांनी तुंबते. गणपतीच्या आधी महालातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, चक्कर मारलीत तर हवा दाबून देणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू येईल. मूर्तीच्या अंगाला रंग मारणारी मोठी गन आपल्या कामाची नाही, पण तिथल्या कारागिराचं मनगट बघून या. हात आधी फिरू लागतो, रंग नंतर सुटतो, आणि हात थांबण्याआधी रंग बंद होतो. हे वाचून समजत नाही.

पैसे मर्यादित असतील तर गन स्वस्तातली घ्या आणि कॉम्प्रेसर टाकीवाला घ्या. तीन लिटरची टाकी पुरते. टाकी नसली की हवा धडधडत येते आणि रेघ मण्यांच्या माळेसारखी उमटते. प्रेशर दाखवणारा काटा आणि पाणी अडवणारा ट्रॅप हवाच.

रंग पाचच: काळा, पांढरा, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), पिवळा ऑकर आणि थोडा निळा. अ‍ॅक्रिलिक इंक मिळाली तर ती जवळपास तशीच चालते. ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक असेल तर एक भाग रंगाला दोन-तीन भाग अ‍ॅक्रिलिकचं थिनर घालून दुधाइतका पातळ करा आणि जुन्या नायलॉनच्या पायमोज्यातून गाळा. चहाच्या गाळणीने भागत नाही. कपाच्या कडेवरून ओघळल्यावर रंगाचा पातळ पापुद्रा मागे राहिला, तर प्रमाण जमलं.

बाकी लागेल ते असं: जाड कार्डशीट (साधा ड्रॉइंग पेपर फुगतो), ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची), मास्किंग टेप, कटर, जुना टूथब्रश, स्पंज, एक बारीक कुंचला. नाकावर एन-९५ मास्क न चुकता. अ‍ॅक्रिलिकला वास नसतो म्हणून लोक तो लावत नाहीत, पण छातीत जातात ते रंगाचे कण, वास नव्हे. कॅडमियमचे रंग गनमधून कधीच मारू नका. लॅकरच्या रंगांना एन-९५ पुरत नाही, त्यामुळे ते सध्या विसराच.

कूलर बंद करा

हे आपल्याकडचं खास दुखणं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आणि तुम्ही कूलरसमोर बसून फवारताय. कूलरचा झोत रंगाचं धुकं उडवून नेतो, थेंबाची सावली भलतीकडे पडते आणि खसच्या ताट्यांमधून आलेली दमट हवा कागद मऊ करते. कूलर बंद केला तर खोलीतली कोरडी हवा रंग गनच्या आतल्या सुईच्या टोकावरच वाळवते. रेघ मध्येच तुटते आणि मग एकदम पिचकारी उडते.

उपाय साधा आहे. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ एवढंच काम करा. रंगात वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे एक-दोन थेंब घाला. ओला इअरबड शेजारी ठेवा आणि दर तीन-चार मिनिटांनी सुईचं टोक पुसा, हलक्या हाताने, टोकाच्या दिशेने. सुई वाकली की गेली.

पावसाळ्यात उलटं होतं. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि नळीतून थेट चित्रावर येतं. गोळाबेरीज तास-दीड तास कॉम्प्रेसर चालला की ट्रॅप आणि टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढा. माझ्या पहिल्या जुलैत तयार दगडावर खऱ्या पाण्याचे थेंब पडले आणि सगळा काळा रंग पसरला. रंगवलेल्या थेंबांपेक्षा ते जास्त खरे दिसत होते, एवढंच समाधान.

बोटांचा सराव, पण थोडाच

चार दिवस, रोज अर्धा तास, जुन्या वर्तमानपत्रावर. ठिपके, सरळ रेघा, आणि कट्यारीसारखी रेघ, म्हणजे सुरुवातीला रुंद आणि शेवटी टोकदार. रुंद टोकाला गन कागदापासून पाच-सहा सेंटिमीटर, निमुळत्या टोकाला एक-दोन सेंटिमीटर. हात जवळ आणताना ट्रिगर पुढे सोडत जायचा. चिरांसाठी हीच रेघ लागते, म्हणून ती जास्त करा.

नियम एकच: हवा आधी, रंग नंतर, बंद करताना रंग आधी, हवा नंतर. हवा सतत चालू ठेवून फक्त रंग आत-बाहेर करायची सवय लागली की रेघेच्या सुरुवातीचा गोळा आपोआप जातो. रेघेला कोळ्यासारखे पाय फुटले तर रंग फार पातळ आहे किंवा फार जवळून फार रंग सोडताय. रवाळ पडत असेल तर रंग घट्ट आहे किंवा प्रेशर कमी.

दगड

कार्डशीटवर आधी २० ते २५ पीएसआय प्रेशरने मध्यम करडा रंग सपाट मारा, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून. हा करडा काळ्या-पांढऱ्याचा नको, तो मेलेला दिसतो. काळा, अंबर आणि चिमूटभर निळा घ्या, त्यात पांढरा.

तो वाळला की दगडाचे पैलू पाडा. जाड कागद हाताने फाडा, कात्रीने नको. फाटकी कड शीटवर टेकवा आणि कडेवरून गडद रंग असा फवारा की अर्धा कागदावर आणि अर्धा शीटवर पडेल. कागद उचलला की एका बाजूला धारदार आणि दुसरीकडे विरत जाणारी छटा मिळते. हाच दगडाचा तुटका पैलू. कागद फिरवा, दुसरी कड वापरा, पुन्हा मारा. एकच कड दोनदा दिसली की डोळा लगेच पकडतो, म्हणून तीन-चार कागद फाडून ठेवा. काही ठिकाणी कड पूर्ण टेकवा, काही ठिकाणी अर्धा सेंटिमीटर वर धरा. वर धरलेली कड मऊ येते. कुठे कठीण आणि कुठे मऊ ते समोरच्या पाट्याला विचारा.

आता दाणा. संत्री किंवा कांदे ज्या प्लास्टिकच्या जाळीच्या पिशवीत मिळतात ती पिशवी चुरगाळा, शीटवर टाका आणि वरून हलका फवारा. चुरगाळणं महत्त्वाचं. ताणून धरलीत तर सापाची कात उमटते. जाळी हलवून दुसऱ्या छटेने पुन्हा एकदा. मग विदर्भाचा हुकमी माल: कापूस. छोटा पुंजका बोटांनी इतका ओढा की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू राहतील. तो शीटवर टेपने चिकटवा आणि गडद रंग मारा. कापूस उचलला की फिक्या, वेड्यावाकड्या शिरा मागे राहतात. हातानं त्या काढायला जाल तर प्रत्येक शीर विचार करून काढल्यासारखी दिसेल, आणि दगडात विचार नसतो.

बारीक ठिपक्यांसाठी प्रेशर पाच ते आठ पीएसआयपर्यंत उतरवा. तेवढ्या कमी हवेत रंग धुकं न होता शिंतोडे होऊन पडतो. आधी रद्दी कागदावर बघा, कारण पहिला शिंतोडा नेहमी मोठा असतो. हे जमलं नाही तर टूथब्रशवर अंगठा फिरवा. फरक कोणाला कळत नाही. काळे ठिपके जास्त, पांढरे अगदी थोडे.

टाकीचे घाव शेवटी. ओएचपी शीटमध्ये कटरने तांदळाच्या दाण्याएवढी तीन-चार छिद्रं पाडा, प्रत्येक वेगळ्या आकाराचं. छिद्र दगडावर ठेवा. उजेड डावीकडून वरून येतो, म्हणजे खड्ड्याची डावी-वरची भिंत सावलीत असते आणि उजवी-खालची उजेडात. त्याप्रमाणे वरच्या डाव्या काठावर गडद, खालच्या उजव्या काठावर किंचित उजळ. प्रेशर १२ ते १५ पुरे. तिरक्या ओळीत पंधरा-वीस घाव टाका, दोन-चार ओळीबाहेर जाऊ द्या.

सगळ्यावर अंबरचा पाण्यासारखा पातळ हात एकदा फिरवा. आतापर्यंत वेगवेगळे बसलेले ठिपके, शिरा आणि घाव एका दगडाचे होतात. इथे जास्त झालं तर चिखल होतो, तेव्हा थोडं कमीच वाटेल तिथे थांबा. उजळ कडा हव्या असतील तर कटरच्या टोकाने रंग हलका खरवडा. कार्डशीटचा पांढरा कागद वर येतो आणि तो कोणत्याही पांढऱ्या रंगापेक्षा कोरडा, दगडी दिसतो.

थेंब

थेंब आणि खड्डा यांच्या आतली छटा एकसारखी असते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. वाटतं की थेंब म्हणजे फुगवटा, म्हणून उजेडाकडची बाजू उजळ असणार. पाट्यावरचा खरा थेंब बघा. उजेडाकडची बाजू गडद आहे आणि पलीकडची उजळ. कारण थेंब भिंगासारखं काम करतो. डावीकडून शिरलेला उजेड वाकून उजव्या-खालच्या बाजूला गोळा होतो. म्हणजे आत्ताच पाडलेल्या टाकीच्या घावासारखंच. मग डोळा दोघांना वेगळं कसं ओळखतो? दोन खुणांनी: थेंबाबाहेर पडलेली सावली, आणि गडद बाजूवरचा एक टोचणारा पांढरा ठिपका. या दोन खुणा विसरलात तर तुमच्या दगडावर पाणी नसून भोकं असतील.

ओएचपी शीटवर एक सेंटिमीटरचा लंबगोल कापा. कंपासने नको, दगडावरचा थेंब कधी गोल नसतो, त्याचा काठ दगडाच्या खरखरीप्रमाणे जरा डगमगतो. कापून निघालेला तुकडा फेकू नका, तो पुढे लागणार आहे.

छिद्र दगडावर ठेवा, कडा बोटांनी दाबून. १० ते १२ पीएसआय, दोन सेंटिमीटरवरून, पातळ गडद रंगाने डाव्या-वरच्या काठाला चंद्रकोर मारा आणि मध्याकडे विरू द्या. दोन-तीन हलके हात, एकदम नको. खालचा दगड दिसत राहायला हवा, कारण पाणी पारदर्शक आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी थेंबाखाली येणारा टाकीचा घाव आधीच शेजारच्या घावापेक्षा थोडा मोठा काढावा; भिंगाखाली तो मोठाच दिसतो.

त्याच छिद्रातून उजव्या-खालच्या काठाला पांढरा. इथे एक फसगत आहे. गडद रंगावर पातळ पांढरा फवारला की तो निळसर दिसतो. म्हणून पांढऱ्यात सुईच्या टोकावर मावेल एवढा ऑकर घाला. पांढरा रंग नोझलमध्ये सगळ्यात जास्त तुंबतो, तेव्हा थोडाच घ्या आणि लगेच गन धुवा.

आता शीट उचला आणि तो कापलेला तुकडा थेंबावर बरोबर बसवा. थेंब झाकला गेला. उजव्या-खालच्या बाजूला, तुकड्याच्या कडेवरून, बारीक गडद सावली मारा. एक सेंटिमीटरच्या थेंबाला दोन मिलिमीटर रुंद सावली पुष्कळ झाली. ती थेंबाला चिकटून हवी. सुटी पडली तर थेंब हवेत तरंगतो. तुकडा काढल्यावर सावलीच्या मधोमध, थेंबाच्या काठाला लागून, पांढऱ्याचा एकच पुसट हात द्या. भिंगातून गोळा झालेला उजेड तिथेही सांडतो. खऱ्या पाट्यावर हे दिसेल, बघा.

शेवटचा ठिपका गनने नको. गनचा ठिपका मऊ येतो, आणि थेंबावरची चकाकी मऊ नसते. बारीक कुंचल्याने दाट पांढरा घ्या आणि डाव्या-वरच्या गडद भागात एकदाच टेकवा. खोलीतला उजेड खिडकीतून येत असेल तर ठिपका चौकोनाकडे झुकलेला काढा, कारण ते खिडकीचंच प्रतिबिंब आहे. सगळ्या थेंबांवर तो त्याच जागी. मी एकदा सहा थेंबांना सहा दिशांनी चकाकी दिली होती, जणू पाट्याभोवती सहा बल्ब लावले होते.

मोठा थेंब आधी, मग बारीक. बारीक थेंबांत छटा करत बसू नका: गडद ठिपका, खाली उजळ कोर, वर टिंब, संपलं. दोन थेंब एकमेकांना भिडलेले असतील तर त्यांचा काठ शेंगदाण्यासारखा एकच होतो. मध्ये रेघ ओढू नका. आणि थेंब सगळीकडे सारखे पेरू नका. बोटांनी शिंपडलेलं पाणी एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ पडतं.

धुणं

रंग संपला की कपात पाणी घालून फवारा, मग नोझलचं तोंड फडक्याने झाकून ट्रिगर हळूच ओढा. कपात बुडबुडे येतील आणि आतला रंग सुटेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चारदा. दिवसाच्या शेवटी सुई काढून पुसा. पूर्ण गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतल्या रबरी रिंगा फुगतात.

हे जमलं की दुसऱ्या शीटसाठी पाटा आडवा न ठेवता भिंतीला तिरका टेकवा आणि पाणी शिंपडा. थेंब ओघळताना खाली जड होतो, वर निमुळता, आणि मागे ओलसर गडद वाट सोडतो. त्या वाटेत मध्येच एखादा बारीक थेंब अडकून राहतो. त्यासाठी लंबगोल चालणार नाही, छिद्र नव्याने कापावं लागेल. आणि सावली थेंबाच्या पोटाखाली सगळ्यात जाड पडेल.